काटाबाईंच्या गाडीतलं ऑइल

इमारतीत त्यांना सगळे काटाबाई म्हणतात आणि हे त्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं तरच नवल. उभं आयुष्य वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून गेलेलं; पाठीमागे कोण काय म्हणतं हे त्यांना तोंडावर कोण काय म्हणतं याच्या आधी कळतं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी बाजारातल्या एका किराणा दुकानदाराने त्यांना फुलांचा गुच्छ दिला. बाईंनी तो घेतला, आभार मानले आणि निघता निघता त्याच्या काट्याच्या ताटलीखाली बोट फिरवून पाहिलं. ताटलीखाली काही चिकटवलेलं नव्हतं.

"आज नाही," एवढंच म्हणून त्या बाहेर पडल्या.

गाडी घेतली ती निवृत्तीनंतर. आटोपशीर एसयूव्ही, लांबीला साध्या गाडीएवढीच, पण पोट जमिनीपासून चांगलं वर. पहिलं सर्व्हिसिंग कोपऱ्यावरच्या गॅरेजात झालं. गाडी सोपवण्याआधी बाईंनी एअर फिल्टरच्या कडेला नेलपॉलिशचा मोहरीएवढा ठिपका दिला. गाडी परत आली, सोबत बिल आलं आणि बिलात नवा एअर फिल्टर आला. बाईंनी तिथेच बॉनेट उघडायला लावलं.

"एकदम कोरा आहे मॅडम, आजच पाकिटातून काढला," गॅरेजवाला म्हणाला.

बाईंनी फिल्टर उलटा करून त्याच्यापुढे धरला. "माझ्या नखाचा रंगसुद्धा आता कंपनीतूनच लावून येतो वाटतं?"

त्या दिवसापासून गाडीला परक्याचा हात लागला नाही. गाडीची देखभाल घरी करणं फार अवघड असतं ही अफवा गॅरेजवाल्यांनीच उठवली असणार, असा बाईंचा संशय होता आणि तो खरा ठरत गेला. गाडीसोबत येणारं जाडजूड पुस्तक, जे बाकीचे लोक खणात पुरून टाकतात, ते त्यांनी हातात पेन्सिल घेऊन वाचलं. डाव्या सीटसमोरचा खण दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला की मागे एसीचा फिल्टर सापडतो. तो ओढायचा, झटकायचा, काळा पडला असेल तर नवा घालायचा. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड धरली की गरम पाणी आणि जुना टूथब्रश. वायपरचं रबर चिरलं की नवं सरकवायचं. कूलंट इंजिन थंड असतानाच बघायचं, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. टायरमधली हवा मोजायला स्वतःचं मीटर, कारण पेट्रोलपंपावरच्या मीटरांशी त्यांचा जुना परिचय होता. आणि गाडीचं पोट उंच असल्यामुळे खाली चटई टाकून आडवं होता येई, जॅक लावायची गरजच नाही. या वयात तेवढं एक बरं होतं.

गाडी चालायची कमी आणि तपासली जायची जास्त. तळमजल्यावर राहणारे निवृत्त मास्तर येता-जाता टोमणा मारत.

"काटाबाई, पेशंट कसा आहे?"

"तुमच्यापेक्षा बरा. याची निदान तपासणी होते."

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग सुनेला नोकरी लागली.

सून परिचारिका. इमारतीत सगळे तिला सिस्टर म्हणत. मुलगा जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. घरात या दोघीच. सिस्टर शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्यांच्या हाताखाली झिजत होती आणि आता शहराबाहेरच्या काचकारखान्याच्या दवाखान्यात तिला मुख्य परिचारिकेची जागा देऊ केली होती. पगार बरा, मान बरा, अडचण एकच. कारखान्याची सकाळची पाळी पहिल्या बसच्या कितीतरी आधी सुरू होत होती. स्वतःचं वाहन असेल तर या, नसेल तर शनिवारपर्यंत कळवा, आम्ही दुसरी बघतो, असा त्यांचा सरळ निरोप. म्हणजे सोमवारी गाडीची किल्ली हातात पडली तर नोकरी, नाही तर नाही.

गाडी चालवायचा प्रश्न नव्हता. माहेरी वडिलांची मालाची व्हॅन तिने कॉलेजात असल्यापासून पिटाळली होती. प्रश्न किल्लीचा होता, आणि किल्ली बाईंच्या कमरेच्या पाकिटात होती.

"देईन की," बाई म्हणाल्या. "मी कुठे नाही म्हणते? पण गाडी नुसती पळवायची नसते, सांभाळायची असते. ऑइल बदलायला आलंय. तू बदलून दाखव, माझ्यासमोर. पुढे आठवडाभर काही गळलं नाही, काही बिघडलं नाही, तर सोमवारी किल्ली तुझी."

"आई, लग्नाच्या वेळीसुद्धा एवढी परीक्षा घेतली नव्हती तुम्ही."

"तेव्हा नुसता मुलगा द्यायचा होता."

रविवारी सकाळी सिस्टर जुना गाऊन चढवून पार्किंगमध्ये चटईवर आडवी झाली आणि गाडीखाली सरकली. बाई स्टूल टाकून शेजारी बसल्या. इंजिन थोडं गरम करून घेतलेलं. पान्याने खालचा नट सैल केला, काळं ऑइल तबकात धार धरून उतरलं, थेंब थेंब होईपर्यंत ती थांबली. नटाला नवा वॉशर. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल चोळून तो हातानेच आवळला. मग वरून नरसाळं लावून डब्यातलं नवं ऑइल ओतलं. बाई चूक शोधत होत्या. चूक सापडली नाही, याचाच त्यांना थोडा संशय आला.

शेवटी डिपस्टिक. ऑइल मोजायची ती लांब पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत बुडवली, परत काढली. पट्टीवर दोन खुणा असतात, वरची आणि खालची. ऑइल त्यांच्यामध्ये हवं. ते वरच्या खुणेला बरोबर टेकलेलं होतं. बाईंनी पट्टी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली. तेच.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून जास्त कौतुक कधी कुणाला मिळालेलं नव्हतं.

उरलेल्या ऑइलचा डबा गॅलरीतल्या कपाटात ठेवण्याआधी बाईंनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला. कशाला, ते विचारू नये. काही माणसं कुलूप लावल्यावर ते ओढून बघतात, तसंच ते.

त्याच संध्याकाळी वॉचमन निरोप घेऊन आला. पार्किंगची फरशी उखडून नवी घालायची आहे, सगळ्यांनी गाड्या मागच्या गल्लीत लावाव्यात, काम संपेपर्यंत. मागची गल्ली म्हणजे इमारत आणि कुंपणाच्या मधली चिंचोळी वाट. पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून ती चांगली उतरती केलेली. सिस्टरने गाडी तोंड गटाराकडे करून लावली. बाईंनी स्वतः दोन विटा शोधून आणल्या आणि पुढच्या चाकांना लावल्या. हँडब्रेकवर त्यांचा भरवसा नव्हता. तसं हँडब्रेकशी त्यांचं वैयक्तिक काही वाकडं नव्हतं. भरवसा कुणावरच नव्हता.

सोमवारी सकाळी बाई खाली उतरल्या, बॉनेट उघडलं, पट्टी ओढली आणि तिथेच थबकल्या. ऑइल खालच्या खुणेच्या जेमतेम वर होतं.

पट्टी पुसून पुन्हा बुडवली. तेच. त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. जमीन कोरडी. विजेरी मारून नट पाहिला. नट कोरडा, फिल्टर कोरडा. किलोमीटरचा आकडा जिथल्या तिथे, म्हणजे गाडी कुणी नेलीही नव्हती. बाईंनी एक मोठा पुठ्ठा आणून इंजिनखाली सरकवला आणि बॉनेट लावून टाकलं. कुणाला काही बोलल्या नाहीत. खात्यात त्यांचा नेमच होता: पहिल्या फेरीत तोंड उघडायचं नाही. तोंड उघडलं की समोरचा सावध होतो.

पण डोकं चालू झालं होतं. गळती नाही, धूर नाही, गाडी जागची हललेली नाही, तर ऑइल गेलं कुठे? सुनेने कमीच ओतलं असेल? पण आपल्यासमोर ओतलं. हे मनात आलं आणि बाईंना हसू आलं. समोर फसवणाऱ्यांवरच तर त्यांचा संसार चालला होता. डोळ्यांत डोळे घालून, गोड बोलत, मनगटाच्या एका झटक्यात पाव किलो गायब करणारी माणसं त्यांनी पाहिली होती. सिस्टरचं मनगटही चपळच होतं. इंजेक्शन देताना लोकांना कळत नाही म्हणे.

त्यांनी वॉचमनला गाठलं.

"मागच्या गल्लीत माझ्या गाडीपाशी कुणी आलं होतं का रे?"

"आलं होतं की."

"कोण?"

"तुम्हीच, बाई. सारख्या."

दुपारी कोपऱ्यावरचा गॅरेजवाला इमारतीसमोरून जाताना दिसला. बाई गॅलरीतून ओरडल्या, "काय हो, इकडे कसे?"

"चहाला चाललोय मॅडम."

"चहाची टपरी त्या अंगाला आहे."

"मग तुमच्या घरी द्या," असं म्हणून तो हसत निघून गेला. बाईंना ते हसणं आवडलं नाही. गिऱ्हाईक तुटल्यावर इतकं मोकळं हसणारा माणूस सरळ नसतो. गाड्या धुणारा एक पोऱ्यागत तरुण होता, त्याला बाईंनी कधी काम दिलं नव्हतं. तोही संशयितांत जमा झाला. मास्तरांनी "पेशंट मागे हलवला का?" असं विचारलं, म्हणून तेही. माणसाने एकदा पाण्यात पाहायचं ठरवलं की सगळं गाव बुडालेलं दिसतं.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी सुनेला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, काल डब्यातलं हवं तेवढं सगळं ओतलंस ना?"

"तुमच्यासमोरच तर ओतलं."

"हो. माझ्यासमोरच."

सिस्टरने कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं. थोड्या वेळाने "येतेच" म्हणून खाली जाऊन आली. बाईंना वाटलं, फोनवर बोलायला गेली असेल. नवऱ्याला आईची चहाडी सांगायची तर सुना खालीच जातात.

मंगळवारी सकाळी बाईंनी पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं.

आता मात्र त्यांनी पट्टी तीनदा पुसून तीनदा बुडवली. ऑइल कमी होतं हे त्यांना समजू शकत होतं. जे मोजता येतं ते चोरता येतं, हे त्या उभ्या आयुष्यात शिकल्या होत्या. पण गेलेलं ऑइल परत येतं, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. चोर परत आणून ठेवायला लागला म्हणजे त्याला कुणीतरी सावध केलं होतं.

त्या तडक वर आल्या, गॅलरीतलं कपाट उघडलं, ऑइलचा डबा काट्यावर ठेवला. डबा चांगला अर्ध्या किलोहून जास्त हलका झाला होता.

सिस्टर पावाला लोणी लावत होती. बाई समोर बसल्या.

"डबा हलका झालाय."

सुरी थांबली. "तुम्ही डबासुद्धा तोलून ठेवलात?"

"हलका झालाय की नाही?"

"झालाय. मी काल घातलं."

"का?"

"कमी झालं होतं म्हणून. तुम्ही ज्या सुरात 'माझ्यासमोरच' म्हणालात ना, त्यावरून मला वाटलंच काहीतरी आहे. जाऊन बघितलं तर ऑइल तळाला."

"मग मला सांगायचं सोडून गुपचूप भरलंस? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच."

"काय सांगणार होते? मी बदललेलं ऑइल एका दिवसात उतरलं, असं? तुम्ही काय म्हणाला असतात?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणाले असते, नट ढिला ठेवलास."

"बघा."

"ढिला आहे का?"

"नाहीये! हात घालून बघितला मी. खाली पुठ्ठासुद्धा होता, तोही कोरडा." सिस्टर एकदम थांबली. "तो पुठ्ठा कुणी ठेवला?"

बाई लोण्याच्या डब्याला झाकण लावायला लागल्या.

"तुम्ही ठेवलात. म्हणजे कमी झालंय हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. मग तुम्ही मला का नाही सांगितलं?"

तपासणाऱ्याला असा प्रश्न विचारायचा नसतो, हे दुकानदारांना माहीत असतं, सुनांना नसतं. बाईंनी उत्तर दिलं नाही, निकाल दिला. "हे बघ, ऑइल कुठे जातंय ते कळत नाही तोवर गाडी रोज एवढ्या लांब मी पाठवणार नाही. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं म्हणजे? सोमवारचं काही खरं नाही."

"हे गाडीबद्दल आहे की माझ्याबद्दल?"

"तुला लपवायची गरज काय होती?"

"म्हणजे माझ्याबद्दल," सिस्टर म्हणाली आणि लोणी लावलेला पाव तसाच ठेवून ड्यूटीला निघून गेली.

पुढचे दिवस घरात कामापुरतं बोलणं. "दूध आलं." "गॅस बंद केला." बाई रोज सकाळी पट्टी बघत आणि पट्टी रोज तेच सांगे, वरच्या खुणेला टेकलेलं, हालचाल नाही. यानेही त्यांचं समाधान होईना. आता सगळे सावध झालेत, असंच त्यांना वाटे. मुलाचा जहाजावरून फोन आला तेव्हा त्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि जी गोष्ट बोलू नये नेमकी तीच बोलला.

"आई, एकदा गॅरेजला दाखवून टाक ना."

"तुला ऊन लागलंय का रे तिकडे?"

"मग तिला किल्ली दे. तिची नोकरी जाईल गं."

"बायकोचा वकील झालास की काय?"

"वकील कसला, मी साक्षीदारसुद्धा नाही. मी पाण्यात आहे." आणि लाईन तुटली, की त्याने तोडली, हे बाईंना ठरवता आलं नाही.

शनिवारी दुपारी पार्किंगची फरशी झाली. वॉचमनने हाकाटी केली, गाड्या जागेवर घ्या. सिस्टरची त्या दिवशी सुट्टी होती. कारखान्याला कळवायची मुदत त्याच दिवशीची होती आणि दोघींपैकी कुणीही सकाळपासून तो विषय काढला नव्हता. बाईंनी गाडी काढण्यापुरती किल्ली दिली. सिस्टरने गाडी मागे घेत, वळवत, एका दमात जागेवर आणून लावली. बाई मागून दोन्ही हातांत दोन विटा घेऊन आल्या; फुकटची असली तरी वीट टाकायची कशाला?

थोडा वेळ थांबून त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं. ऑइल बघितल्याशिवाय त्यांच्याने राहवेना. पट्टी ओढली, पुसली, बुडवली, काढली.

ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर चढलेलं होतं.

"पुन्हा घातलंस!"

"काय?"

"हे बघ. खुणेच्या वर. जास्त झालं की इंजिनाला कमीपेक्षा वाईट, पुस्तकात लिहिलंय. नाकापेक्षा मोती जड! पास व्हायचं म्हणून किती ओतशील?"

"आई, शपथ. मंगळवारनंतर मी कपाटाला हात लावलेला नाही. जा, तोला तुमचा डबा."

बाई खरोखरच गेल्या. डबा तोलला. वजन मंगळवारचंच. खाली परत येईपर्यंत त्यांचा जिन्यातला वेग कमी झाला होता. कमी भरणारी मापं त्यांनी ढिगाने पकडली होती. आपणहून जास्त भरणारं माप कुणाकडे पाहिलं नव्हतं, त्याला दंड कुठल्या कलमाखाली लावतात हेही त्यांना माहीत नव्हतं.

सिस्टर फोन हातात घेऊन खांबाला टेकून उभी होती. तिचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "मी कळवून टाकते त्यांना. हे असं तर रोज होणार. आज कमी, उद्या जास्त, आणि दरवेळी मी." तिने नंबर लावला. फोन कानाला लावूनच पायाने विटा दाखवत विचारलं, "या इथे लावायच्या का चाकाला?"

"इथे कशाला?" बाई वैतागून म्हणाल्या. "इथे सपाट..."

आणि त्यांनी वाकून चाकाखालची फरशी पाहिली.

त्यांच्या खात्यात नव्या माणसाला पहिला धडा हाच देत. दुकानात शिरलात की वजनांना हात लावू नका, आधी काटा ठेवलाय ती जागा बघा. काट्याच्या बैठकीत एक बुडबुडा असतो. तो मधोमध नसेल तर पुढचं सगळं फुकट. टेबल कलतं असेल तर सच्चा काटासुद्धा खोटं बोलतो. कलत्या टेबलावरच्या काट्यापायी बाईंनी किती दुकानदारांना धारेवर धरलं असेल त्याला गणती नव्हती. "जागा खोटी आहे तुमची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आणि आठवडाभर त्यांनी गटाराकडे तोंड करून कललेल्या गाडीत ऑइल मोजलं होतं. इंजिनातलं ऑइल एका अंगाला गेलेलं, पट्टी दुसऱ्या अंगाला. गाडी घरंगळू नये म्हणून विटा मात्र आपल्याच हाताने लावल्या होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा.

ऑइल कुठे गेलंच नव्हतं. रविवारी जेवढं हवं तेवढंच होतं. सुनेने घाबरून वर ओतलं, तेवढंच आता जास्त झालं होतं.

हे सगळं कळायला एक घोट गिळण्याइतका वेळ लागला. त्यानंतरचा क्षण थोडा लांबला. सिस्टरला काही उमगलेलं नव्हतं, ती भिंतीकडे तोंड करून फोनची रिंग ऐकत होती. बाई काहीच बोलल्या नसत्या तर कुणाला कधी कळलं नसतं. गाडी घरी राहिली असती, किल्ली पाकिटात राहिली असती, आणि काटाबाईंचं माप चुकतं हे जगात एकट्या काटाबाईंना माहीत राहिलं असतं.

"फोन ठेव," त्या म्हणाल्या.

"आई, लागलाय."

"लागू दे. ठेव म्हणते ना."

सिस्टरने फोन बंद केला. बाई एका विटेवर बसल्या. मोठं सांगण्यासारखं काही नव्हतंच, चार वाक्यांत आटोपलं: गल्लीला उतार आहे, उतारावर मोजलं, म्हणून कमी दिसलं, तू घातलंस ते जास्तीचं. ऐकता ऐकता सिस्टरने आधी मागच्या गल्लीकडे बघितलं, मग विटांकडे, मग बाईंकडे.

"म्हणजे मी बरोबर बदललं होतं."

"बरोबर बदललं होतंस."

"आणि तुमचं चुकलं."

"जागा सपाट नव्हती, असं म्हणते मी."

"आई."

"बरं. चुकलं."

सिस्टर हसली नाही. बाईंना वाटलं होतं हसेल, आणि हसली असती तर बरं झालं असतं. ती वर गेली आणि येताना तिच्या पिशवीतून एक बारीक लांब नळी आणि मोठी सिरिंज घेऊन आली. ज्या भोकातून पट्टी काढतात तिथेच नळी आत सोडली आणि जास्तीचं ऑइल ओढून काढायला लागली. बाईंनी खाली बरणी धरली.

"दवाखान्यात पोटात गेलेलं असंच काढतो आम्ही," सिस्टर म्हणाली. आठवड्यातलं तिचं हे पहिलं बिनकामाचं वाक्य.

"नळी नवीच आहे ना?"

"सीलबंद पाकिटातून काढली."

"सील मी पाहिलं नाही."

"तुमच्यासमोर नाही काढलं, चुकलंच माझं," सिस्टर म्हणाली, आणि या वेळी दोघींनाही हसू आलं, पण दोघींनी आपापल्या बाजूला तोंड फिरवून. मध्ये मध्ये थांबून त्या पट्टी बघत राहिल्या. ऑइल वरच्या खुणेला टेकलं तेव्हा सिस्टरने पट्टी बाईंच्या हातात दिली, आणि बाईंनी ती एकदाच बघितली.

मग त्यांनी कमरेच्या पाकिटातून किल्ली काढून पुढे केली. सिस्टरने हात पुढे केला नाही.

"आधी एक ठरवू. माझ्या हाताखालचं काही तपासायचं असेल तर मला सांगून तपासायचं. मागून नाही. पुठ्ठे नाहीत, डबे तोलणं नाही."

"सांगून केलेली तपासणी ही काय तपासणी असते का?" बाईंच्या आवाजात खरी कळकळ होती. हे त्यांच्या धर्माविरुद्ध होतं.

"मला विचाराल तर तीच असते. आणि माझ्याकडून काही कमीजास्त झालं तर मीही लपवणार नाही, येऊन सांगेन. तुम्ही ओरडा हवं तर."

"बघू."

"बघू नाही. हो की नाही ते सांगा. त्यांचा फोन येईल इतक्यात, मला काहीतरी उत्तर द्यायचंय."

बाईंनी किल्लीकडे पाहिलं. एवढी छोटी वस्तू इतक्या जड हाताने त्यांनी कधी धरली नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "ओरडेन मात्र."

"ओरडा."

सोमवारी उजाडायच्या सुमारास गाडी फाटकातून बाहेर पडली. बाई गॅलरीत उभ्या होत्या. सिस्टरने वळणावर दिवा दिला, थांबली, दोन्ही बाजूंना बघितलं आणि गेली. यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी तरी टायरचा आवाज लांब जाईपर्यंत कान लावला. डाव्या मागच्या टायरमध्ये हवा किंचित कमी असावी असं त्यांना वाटलं. संध्याकाळी सांगून तपासायचं, हे त्यांनी स्वतःला बजावलं.

तेवढ्यात वॉचमन धापा टाकत जिना चढून वर आला.

"बाई! तुमची गाडी गेली!"

"गेली नाही. दिलीय."

"कुणाला?"

"सुनेला. रोज नेणार आहे आता."

वॉचमनने त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. मग खांद्यावरून घरात डोकावला, सिस्टर खरंच घरात नाही याची खात्री केली, आणि तरीही विचारलं, "तुम्ही स्वतः दिली? हाताने?"

"हो रे बाबा."

तो खाली गेला, पण बाईंनी वरून बघितलं, पायऱ्या उतरल्यावर त्याने फोन काढला आणि कुणाला तरी लावला. बहुधा सिस्टरलाच विचारत असणार. बाईंना राग आला नाही. माणूस कामाचा आहे, त्यांनी मनात म्हटलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.